अनुभव मागता, मग अनुभवाचे पत्र का देत नाही? सातारा जिल्ह्यातील कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातील सर्व कारखानदार,
त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी,
तसेच एचआरचे (मनुष्यबळ व्यवस्थापनाचे) शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांचे संचालक व प्राचार्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याची जाहिरात व्हॉट्सॲपच्या नोकरीच्या ग्रुपवर फिरत होती. 'पाहिजे : एचआर एक्झिक्युटिव्ह. अनुभव किमान ३ वर्षे. फक्त पुरुष उमेदवार. दुचाकी आवश्यक. पगार मुलाखतीत ठरेल.' ती जागा मला चांगली ठाऊक आहे, कारण त्या टेबलावर मीच काम करत होते. जाहिरात येण्याच्या काही दिवस आधी कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा फोन आला, 'मॅडम, उद्यापासून येऊ नका, कंपनीला अनुभवी माणूस पाहिजे.' लेखी काही नाही, नोटीस नाही. कंपनीतल्या कुणी साधे बोलावून सांगितलेही नाही.

कारखान्याचे नाव मी लिहिणार नाही. लिहिले तर ते माझे आणि त्या एका कंपनीचे भांडण होईल. माझ्याबरोबर शिकलेली मुले-मुली तासवड्याला, शिरवळला, लोणंदला, फलटणला कामाला लागली. त्यांच्याशी बोलले. थोड्याफार फरकाने सगळ्यांची हकिगत सारखीच निघाली. म्हणून हे पत्र आपल्या सगळ्यांना आहे आणि ते सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी कोरेगाव तालुक्यातली. बी.कॉम. झाल्यावर एचआर घेऊन एमबीए केले. घरी या निवडीचे कुणाला आश्चर्य वाटले नाही. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप संपले की घरी बसायचे, आणि त्या महिन्यांतल्या रिटेन्शनच्या, म्हणजे बंद हंगामातल्या भत्त्याच्या, पैशांवर घर चालायचे. एका वर्षी ते पैसे अडकले. तेव्हा कारखान्याच्या लेबर ऑफिसरांनी वडिलांना समोर बसवून, हजेरीचे कार्ड काढून, कुठल्या महिन्यातल्या खाड्यामुळे हिशेब चुकला ते दाखवले आणि दुरुस्त करून दिले. मी शाळेत होते. मालकाच्या पगारावर असलेला माणूस कामगाराचेही काम चोख करू शकतो, हे तेव्हा घरात बोलले गेले ते डोक्यात राहिले. मला ते काम करायचे होते, आजही करायचे आहे. त्यामुळे हे पत्र या क्षेत्राला कंटाळलेल्या मुलीचे समजू नये.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी आधी सांगते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी एचआरमधली सुरुवातीची जागा कंत्राटदाराला देऊन टाकली आहे. टाइम ऑफिसमध्ये बसणारा, हजेरी काढणारा, नव्या माणसाची कागदपत्रे घेणारा, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयची (कामगार विम्याची) माहिती भरणारा मुलगा कंपनीच्या गेटमधून आत येतो, कंपनीच्या मॅनेजरचे ऐकतो, पण पगार घेतो कंत्राटदाराकडून. माझेही तसेच होते. यातली अडचण आपल्या लक्षात कशी येत नाही, हे मला खरोखर कळत नाही. माझ्या कामांत कंत्राटी कामगारांचे मस्टर (हजेरीपट) तपासणे होते. कंत्राटदाराने ओटी (ओव्हरटाइम) दुप्पट दराने लावला का, पीएफचे चलन पंधरा तारखेच्या आत भरले का, चलनात दाखवलेली माणसे आणि गेटवर पंच झालेली माणसे जुळतात का, हे बघायचे होते. आणि ज्याचे मस्टर मी तपासायचे, त्याच्याच पगारपत्रकावर माझे नाव. एखादी तफावत मॅनेजरला दाखवली की संध्याकाळी कंत्राटदाराच्या माणसाचा फोन, 'मॅडम, तुम्ही आमच्याकडच्या की त्यांच्याकडच्या?' या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायचे होते?

यात नुकसान नुसते माझे नाही. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ते होते, नव्या कामगार संहितेतही आहे. पीएफचेही तसेच. म्हणजे आपली मान जिथे अडकू शकते, तिथे राखणीला ठेवलेला माणूस आपण कंत्राटदाराकडूनच घेतला आहे. दोन-चार हजार रुपये वाचतात म्हणून ही व्यवस्था चालू असेल, तर ती बचत नाही, हे आपल्या अकाउंट्सच्या माणसालाच विचारून पाहा.

दुसरे, नेमणूकपत्र. कामाला लागल्यापासून मी कितीतरी जणांची नेमणूकपत्रे टाइप केली. पद, पगाराचे भाग, प्रोबेशनचा काळ, सुट्ट्या, नोटीस पिरियड, सगळे व्यवस्थित घालून, दोन प्रती काढून, एकीवर सही घेऊन फाइलला लावली. माझ्या नावाची फाइल त्या कपाटात नव्हती. विचारले की उत्तर यायचे, 'तुमचे एजन्सी देईल.' एजन्सी, म्हणजे तो कंत्राटदार, म्हणायची, 'कंपनीकडून पीओ (कामाची ऑर्डर) रिन्यू झाला की देऊ.' पहिले काही महिने पीएफच्या यादीतही माझे नाव नव्हते. ती यादी पोर्टलवर मीच चढवत होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता सांगते, की प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे. त्यात एचआरचा फ्रेशर वगळलेला नाही. वेतन संहिता सांगते, की माणसाला कामावरून काढले किंवा त्याने राजीनामा दिला, तर दोन कामाच्या दिवसांत त्याचे सगळे वेतन चुकते करायचे. हे नियम कामगारांना समजावून सांगण्याचे काम आपण आमच्याकडे देता. माझे शेवटच्या महिन्याचे पैसे मिळायला किती फोन करावे लागले, ते इथे सांगत बसत नाही.

तिसरी तक्रार छोटी दिसते, पण आमच्या वयाच्या माणसाला तीच सगळ्यात जास्त मारते. काम सोडताना मिळणारे पत्र. माझ्या मैत्रिणीने शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात दीड वर्ष भरती, जॉइनिंग, पगाराचे इनपुट, कँटीनची बिले, बसच्या फेऱ्या, सगळे सांभाळले. पत्र मिळाले ते एजन्सीच्या लेटरहेडवर, आणि त्यात पद लिहिले 'डेटा एंट्री ऑपरेटर'. कारण एजन्सीच्या करारात ती त्याच नावाने होती. पुढच्या मुलाखतीत तिला ऐकवले, की हा एचआरचा अनुभव धरता येणार नाही. म्हणजे आपण ३ वर्षांचा अनुभव मागता, तो अनुभव आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच टेबलावर घ्यायला लावता, आणि तो घेतला असे लिहून मात्र देत नाही. मग ३ वर्षांचा अनुभव असलेला उमेदवार येणार तरी कुठून? तो पुण्याहून येतो. तो सहा महिन्यांत परत पुण्याला जातो. आणि आपण म्हणता, साताऱ्यात टिकणारी माणसे मिळत नाहीत.

चौथे, 'फक्त पुरुष उमेदवार'. ही ओळ आपल्या जाहिरातींत इतकी रुळली आहे की ती लिहिताना कुणाचा हात थबकत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यातच भरतीत बाईला डावलण्यास मनाई होती. वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमात ती आजही आहे. कारण विचारले तर सांगतात, शिफ्ट असते, रात्री-अपरात्री गेटवर जावे लागते. नव्या संहितेत बाईला तिच्या संमतीने संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी काम करता येते. सुरक्षिततेची आणि जाण्या-येण्याची सोय मालकाने करायची. ही सोय टाळण्यासाठी आम्हालाच टाळायचे, हे योग्य नाही. आणि आपल्या पॅकिंगच्या, असेंब्लीच्या लाइनवर बायका आहेतच ना? त्यांच्यापैकी एखादीला सुपरवायझरबद्दल काही सांगायचे असेल तर ती कुणाकडे जाणार? दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावी लागते, आणि तिची अध्यक्ष बाईच असावी लागते. मी पाहिलेल्या समितीच्या बोर्डावर जिचे नाव होते, त्या बाई कंपनी सोडून गेल्या होत्या. बोर्ड तसाच होता.

मुलाखतीत मला काय विचारले, तेही लिहिते. 'लग्नाचे काय ठरलेय?' 'मग सासर कुठले असेल?' पीएफबद्दल, स्टँडिंग ऑर्डरबद्दल (कारखान्याच्या सेवानियमांबद्दल), अपघात झाला तर पहिले काय करशील, यातले काहीच विचारले नाही. मी तयारी करून गेले होते.

पाचवे म्हणजे जाहिरातीची आणि मुलाखतीची जागा. कारखाना खंडाळा तालुक्यात, कामगार आसपासच्या गावांतले, पण एचआरच्या जागेची बातमी पुण्याच्या कन्सल्टंटकडे आणि मुलाखत पुण्यात. कोरेगावची मुलगी पहाटेची एसटी धरून साताऱ्याला येते, पोवई नाक्यावरून पुण्याची गाडी पकडते, दुपारी तिथे पोहोचते आणि तिला सांगतात, की सर आज प्लांटला गेले आहेत. सर जिथे गेले, तो प्लांट वाटेतच मागे राहिलेला असतो. जिल्ह्यात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, महास्वयंचे, म्हणजे राज्य सरकारचे नोकऱ्यांचे, पोर्टल आहे. खासगी आस्थापनांनी रिक्त जागा कळवाव्यात, असा कायदा १९५९ पासून देशात होता, तो २५ किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागू होता. सामाजिक सुरक्षा संहितेतही तशी तरतूद आहे. रिक्त जागांचे तिमाही विवरणपत्र आपण भरतही असाल. पण जागा भरण्याआधी ती आम्हाला कळली, असे आमच्या वर्गात कुणाच्याच वाट्याला आले नाही.

पगाराचे थोडक्यात. काय देता ते जाहिरातीत लिहा, एवढेच म्हणणे आहे. ओटीचा विषय काढला की 'तू स्टाफ आहेस', आणि दिवाळीला बोनस विचारला की 'तू कंत्राटी आहेस', असे एकाच माणसाला दोन्हीकडून ऐकवू नका. १९६५ च्या बोनस कायद्याने वर्षात ३० दिवस काम केलेल्या आणि महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला किमान ८.३३ टक्के बोनसचा हक्क दिला, त्यात ऑफिसमध्ये बसणाराही आला. दुसऱ्यांच्या बोनसचे तक्ते करताना आम्ही हे पाठ केले आहे.

आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेणे बंद करा. बाँडच्या नावाखाली पोरांच्या मार्कशीटा कपाटात ठेवण्याचा कुठलाही अधिकार आपल्याला नाही. इतके सांगून पुढे जाते.

एवढ्या तक्रारी वाचून आपण म्हणाल, या मुलांना काही येत नाही, त्यांना घेऊन करायचे काय? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. म्हणूनच पत्राच्या वर महाविद्यालयांचेही नाव घातले आहे.

टाइम ऑफिसच्या खिडकीवर काय येते ते सांगते. एक कामगार आला. मुलीचे लग्न, पीएफची उचल हवी, अर्ज दोनदा परत आलेला. आधार कार्डावर नाव 'बाळासो', पीएफच्या नोंदीत 'बाळासाहेब', आणि जन्मतारखेचे वर्ष एकाने वेगळे. त्यात कंत्राटदार तीन बदललेले, म्हणून एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायमच्या क्रमांकाखाली) तीन मेंबर आयडी. मधल्या कंत्राटदाराने काम सोडल्याची तारीखच टाकलेली नाही. तो कंत्राटदार कुठे आहे कुणाला माहीत नाही. कामगार खिडकीच्या गजाला धरून उभा, शिफ्ट संपवून आलेला, हाताला कूलंटचा वास. 'ताई, पैसे माझेच हायत ना?' एवढेच विचारतो.

एमबीएच्या दोन वर्षांत मला यातले काहीही शिकवलेले नव्हते. मास्लोची माणसाच्या गरजांची उतरंड शिकवली, तीही आवश्यक असेल. पण जॉइंट डिक्लेरेशन (पीएफच्या नोंदीतली चूक सुधारण्याचा मालक-कामगाराचा एकत्र अर्ज) काय असते, ते कुणाच्या लॉगिनवरून मंजूर होते, बाहेर पडल्याची तारीख आपल्याला टाकता येते का, जुना आयडी नव्यात कसा ओढायचा, हे मला त्या ऑफिसातल्या टाइमकीपर काकांनी शिकवले. ते बारावी झालेले. निवृत्तीला आलेले. त्यांनी आधी माझ्याकडून मस्टरवरच्या सगळ्या नावांची आधारशी पडताळणी करून घेतली. म्हणाले, 'नाव पहिल्या दिवशी बरोबर घे, म्हणजे वीस वर्षांनी माणूस खिडकीवर येणार नाही.' त्या कामगाराचे पैसे लग्नाआधी आले. हे काम शिकता येते, आणि ते शिकायला फार वर्षे लागत नाहीत. शेजारी एक जाणता माणूस आणि थोडा वेळ लागतो.

महाविद्यालयांना म्हणून विचारते. आमच्याकडून फी घेताना आपण प्लेसमेंटचे फलक दाखवता. त्या फलकावरच्या मुलांपैकी किती जण कंपनीच्या स्वतःच्या रोलवर (पगारपटावर) लागले, किती एजन्सीच्या? एचआरच्या नावाखाली किती जण फोनवरून भरतीची टार्गेट पूर्ण करत बसले आहेत? इनप्लांट ट्रेनिंगचा प्रोजेक्ट म्हणून 'कर्मचारी समाधान : एक अभ्यास' या नावाचे रिपोर्ट वर्षानुवर्षे जमा होतात, त्यातली प्रश्नावली कारखान्यात कुणाला वाटली होती का, हे तोंडी परीक्षेत एकदा तरी विचारा. जूनमध्ये शिकवायला घेतलेला औद्योगिक कलह कायदा १९४७ चा आणि नोव्हेंबरात देशात संहिता लागू झालेली, अशा वेळी मुलांसमोर निदान नवे-जुने शेजारी ठेवून दाखवणारे एक व्याख्यान व्हायला हवे होते.

अजून एक गोष्ट आपण प्रवेशाच्या वेळी सांगत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ४९ व्या कलमाप्रमाणे ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमावा लागायचा. नव्या संहितेने ही मर्यादा २५० वर आणली. म्हणजे आपल्या आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मधल्या आकाराच्या कारखान्यांतही ही जागा येणार. आमच्यासाठी ही दारे उघडण्याची वेळ आहे. पण या पदाची पात्रता सरकारच्या नियमांनी ठरते, आणि नावात एचआर असलेली प्रत्येक पदवी त्यासाठी चालतेच असे नाही. समाजकार्याची, कामगार कल्याणाची मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका लागते. प्रवेश घेताना एकाही मुलाला हे सांगितले जात नाही. दोन वर्षे आणि घरच्यांचे पैसे गेल्यावर त्याला ते एखाद्या जाहिरातीच्या तळटिपेत कळते.

पुन्हा कारखानदारांकडे वळते. शिकाऊ माणूस घेणे आपल्याला परवडत नाही, असे म्हणता येणार नाही, कारण सोय आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आता इंजिनिअर नसलेले पदवीधरही बसतात. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे २०१९ च्या नियमांपासून बंधनकारक आहे, आणि या मोजणीत कंत्राटी माणसेही धरली जातात. पदवीधराचे किमान विद्यावेतन त्या नियमांनी ९ हजार ठरवले, त्यातला काही वाटा सरकार उचलते. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ पासून आहे, तिच्यात पदवीधराला महिन्याला १० हजार थेट सरकारकडून मिळतात. या जागा आपण शॉप फ्लोअरवर भरता, टाइम ऑफिसमध्ये आणि एचआरमध्ये का भरत नाही? भरल्यावर त्या मुलाला झेरॉक्सला आणि चहाला न पाठवता वर्षभराचे काम आखून का देत नाही?

हा कर्मवीर भाऊराव पाटलांचा जिल्हा आहे. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि 'कमवा आणि शिका' इथल्या मातीत रुजले. शिकता शिकता राबण्यात आम्हाला कमीपणा नाही, आमच्या आई-वडिलांच्या पिढीतले कितीतरी जण तसेच शिकले. त्या योजनेत मुलाने घाम गाळला तर त्याला त्याबदल्यात शिक्षण मिळेल, ही हमी होती. आज ट्रेनी म्हणून आम्हाला घेतात त्यात राबणे तेवढे आहे. शेजारच्या जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना काढला, तेव्हा यंत्रांच्या बरोबरीने माणसांच्या राहण्याचा विचार केला, म्हणून किर्लोस्करवाडी हे गाव उभे राहिले. आपल्या भागात उद्योग असाही चालला आहे. आम्ही काही नवे मागत नाही.

काय मागतो, ते स्पष्ट लिहिते.

एचआर आणि टाइम ऑफिसमधली प्रत्येक जागा, सुरुवातीचीसुद्धा, कंपनीच्या स्वतःच्या रोलवर असावी. कंत्राटदाराचे मस्टर तपासणारा माणूस कंत्राटदाराचा नको. बाकी मागण्यांवर बोलणी होऊ शकतील, या एका मागणीवर मात्र तडजोड सुचवू नये, ही विनंती.

नेमणूकपत्र कामाच्या पहिल्या दिवशी हातात मिळावे. त्यात पद, वेतन, कामाच्या वेळा आणि वरिष्ठ कोण ते असावे. काम सोडताना जे काम केले तेच लिहिलेले अनुभवपत्र, कंपनीच्या लेटरहेडवर, हिशेबाबरोबरच मिळावे. ज्यांना आजवर एजन्सीच्या नावाने चुकीच्या पदाची पत्रे मिळाली आहेत, त्यांना कंपनीने कामाचा खरा तपशील लिहून द्यावा. त्याला एक पान आणि एक सही लागते.

सुरुवातीच्या जागेला अनुभवाची अट घालू नये. 'फक्त पुरुष' ही ओळ आजपासून काढावी. पगाराचा आकडा जाहिरातीत असावा. जागा महास्वयंवर आणि जिल्हा केंद्राकडे आधी कळवावी, आणि सातारा जिल्ह्यातल्या कारखान्याची मुलाखत सातारा जिल्ह्यात घ्यावी.

प्रत्येक मोठ्या आणि मध्यम कारखान्याने एचआरमध्ये दरवर्षी निदान एक पदवीधर शिकाऊ उमेदवार घ्यावा. त्याला तीन-तीन महिने टाइम ऑफिस, वेतन व वैधानिक कामे, भरती आणि कामगार संबंध असे फिरवावे. वर्ष संपण्याच्या महिनाभर आधी, ठेवणार की नाही, हे त्याला लेखी सांगावे. नाही म्हणालात तरी चालेल, पण वेळेवर सांगा, म्हणजे त्याला पुढचे बघता येईल. ज्यांच्या कारखान्यात जुने टाइमकीपर, जुने पर्सोनेल ऑफिसर निवृत्तीला आले आहेत, त्यांनी ती माणसे जाण्याच्या आत एक तरी मुलगा किंवा मुलगी त्यांच्या हाताखाली द्यावी. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भरलेले नाही.

महाविद्यालयांनी शेवटचे अर्धे वर्ष खऱ्या टाइम ऑफिसमध्ये काढायला लावावे आणि त्याचे गुण तिथल्या माणसाने द्यावेत. प्लेसमेंटचा फलक लावताना पद, पगार आणि कुणाच्या रोलवर, या तीन गोष्टी छापाव्यात. आणि कल्याण अधिकारी पदासाठी आपली पदवी चालते की नाही, हे माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहावे.

कारखानदार संघटनांना वेगळी विनंती. आपली मासिक बैठक होते, तिथे वीजदर, रस्ते, पाणी यांवर चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पुढच्या एका बैठकीत हा विषय घ्या आणि त्या बैठकीला आम्हा मुला-मुलींपैकी चौघा-पाचजणांना बोलवा. आम्ही कुणाचे नाव घेणार नाही, कुणावर आरोप करणार नाही. आमच्याकडे कागद आहेत, पत्रे आहेत, ती समोर ठेवू. बैठकीची तारीख संघटनेने वर्तमानपत्रात जाहीर करावी, म्हणजे कोरेगावपासून फलटणपर्यंतच्या सगळ्यांना कळेल. दिवाळीआधी ती झाली, तर पुढच्या जूनमध्ये बाहेर पडणाऱ्या मुलांना उपयोग होईल.

हे पत्र लिहिले म्हणून मला आता जिल्ह्यात कुणी नोकरी देणार नाही, असे घरच्यांना वाटते. आईचा त्यामुळे दोन दिवस अबोला आहे. मला तसे वाटत नाही. आपल्यापैकी अनेकांनी स्वतः कुणाच्या तरी हाताखाली शिकूनच कारखाना उभा केला आहे. नाव मात्र खाली लिहीत नाही, कारण ज्यांचे अनुभव यात आले आहेत त्या अजून एजन्सीच्या रोलवर आहेत आणि माझ्या नावावरून त्या ओळखू येतील. बैठकीला बोलावलेत, तर मी माझ्या नावाने येईन.

कळावे,

आपली,
एचआरची एक पदव्युत्तर पदवीधर,
कोरेगाव तालुका, जि. सातारा